खोटं कोण बोलतंय, हा दुसरा प्रश्न

एकाच घटनेच्या बातम्या दोन देशांत इतक्या वेगळ्या कशा आणि त्यातलं खोटं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय. धडधडीत खोटं पकडणं तसं सोपं. पंचाईत होते ती दोन्हीकडची वाक्यं खरी असूनही चित्र निराळं दिसतं तेव्हा, आणि बहुतेकदा तसंच असतं.

मी काही वर्षं परराष्ट्र बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत. देशोदेशी स्वतःचा बातमीदार ठेवणं फार थोड्यांना परवडतं. त्यामुळे रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांचीच कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, सगळीकडे पोहोचते. मग मथळा बदलतो, 'आपले किती दगावले' हे इंट्रोत, म्हणजे पहिल्याच परिच्छेदात, येतं आणि जागा कमी पडली की कात्री शेवटापासून लागते. गोम इथेच आहे. समोरच्या बाजूचं म्हणणं आणि आधीचा इतिहास बहुधा शेवटीच असतो. कुणी काही कारस्थान न करताही बातमी एका बाजूला कलते.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते उदाहरण मात्र एकाच देशातल्या माध्यमांचं आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानानं कोरियन एअर लाइन्सचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेनं पर्शियन आखातावर इराण एअरचं विमान पाडलं, २९० गेली. रॉबर्ट एंटमन या अभ्यासकानं अमेरिकी माध्यमांनी या दोन्ही घटना कशा मांडल्या ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. १९९१ साली त्याचा निबंध आला. पहिल्या वेळी 'न्यूजवीक' या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवेतला खून होता, दुसऱ्या वेळी 'हे का घडलं' असा विचारी सूर. एकीकडे गुन्हेगाराचा शोध, दुसरीकडे बिघाडाचा: रडार, गडबड, लढाईचा ताण. यातला तपशील सगळाच खोटा होता असं नाही. विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

मॉस्कोनंही काही कमी केलं नाही. आधी कोरियन विमान पाडल्याचं कबूलच केलं नाही, मग ते हेरगिरीला आलं होतं म्हणून सांगितलं. पुढे १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अहवालात निघालं ते असं: ऑटोपायलट चुकीच्या पद्धतीवर राहिल्यानं विमान भरकटलं आणि सोव्हिएत बाजूनं नीट खात्री न करता ते अमेरिकी टेहळणी विमान आहे असं धरलं. व्हिन्सेन्सच्या बाबतीत अमेरिकेनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं की इराणी विमान खाली झेपावत होतं. नौदलाच्याच चौकशीत ते वर चढत असल्याचं दिसलं. १९९६ साली अमेरिकेनं मृतांच्या कुटुंबांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर मान्य केले. ही बातमी मुखपृष्ठावर आल्याचं कुणाला आठवतंय?

इथे बरेच जण सुचवतात की दोन्ही बाजू वाचा, सत्य मध्ये सापडेल. मला हे पटत नाही. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ हे प्रवासी विमान पडलं, २९८ जण गेले. रशियाच्या एका मोठ्या सरकारी वाहिनीनं त्या नोव्हेंबरात लढाऊ विमान क्षेपणास्त्र डागत असल्याचं उपग्रहचित्र दाखवलं. ते बनावट निघालं. २०२२ मध्ये डच न्यायालयानं विमान जमिनीवरून डागलेल्या 'बुक' नावाच्या क्षेपणास्त्रानं पाडलं गेल्याचं मानून तिघांना गैरहजेरीत दोषी ठरवलं. आता बनावट चित्र आणि पुरावा यांच्या मधोमध काय सापडणार?

करण्यासारखं एवढंच: दोन देशांच्या बातम्या घ्या, मथळे झाका आणि शेवटचे दोन परिच्छेद आधी वाचा. गोष्ट कोणत्या तारखेपासून सुरू केली आहे ते बघा, कारण सूड आणि हल्ला यांतला फरक पुष्कळदा त्या तारखेतच असतो. एजन्सीची मूळ कॉपी मिळाली तर तिच्याशी ताडून काय गळलं ते शोधा. आणि जुन्या घटनेबद्दल वाद चालला असेल तर वर्तमानपत्रांच्या आधी चौकशी अहवाल काढा.