शनिवारची लाँच

सातारा,
4 डिसेंबर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी पावटे सोलत बसले होते. तू त्या रेंजच्या दगडावर उभी असणार, कारण निम्मं बोलणं वाऱ्यानंच खाल्लं. पण "काकू, इथं काहीच नाही हो" एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं. पुढं काही बोलेपर्यंत फोन कट. म्हणून हे पत्र. लाँचवाल्याच्या हाती बामणोलीहून येईल तेव्हा येईल.

ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे. 1986 च्या डिसेंबरात त्याच आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसून मी आईला पोस्टकार्डावर तेच लिहिलं होतं. तेव्हा तिथं वीजही नव्हती. ज्या पाण्यावर महाराष्ट्रभर दिवे लागतात ते पाणी दारात आणि आमच्या टेबलावर कंदील! तीन बाजूंना कोयना धरणाचा शिवसागर, चौथ्या बाजूला डोंगर आणि रान. नकाशावर ते बेट नाही, पण लाँच चुकली की बेटच.

एक आधीच सांगते. बदलीचा अर्ज करायचा असेल तर खुशाल कर. मी पाच वर्षं काढली म्हणून तूही काढावीस, असं माझं मुळीच म्हणणं नाही. अर्ज आणि बदली यांच्यामध्ये हा एक हिवाळा आहे, तेवढ्यापुरतंच हे पत्र.

माझा पहिला हिवाळा मी शनिवारच्या लाँचसाठी जगले. सोमवारी उतरायचं आणि मंगळवारपासून शनिवारकडं डोळे लावायचे. बुधवारचं लसीकरण, गुरुवारी वाडीवरची फेरी, शुक्रवारी रजिस्टरं, सगळं हातानं व्हायचं. मन बामणोलीच्या एसटीत बसलेलं असायचं. साताऱ्यात येऊन तरी काय करायची? कपडे धुवायची, झोपायची आणि रविवारी दुपारपासून परत जायचं म्हणून तोंड पाडून बसायची. म्हणजे दोन्ही दिवस वाया.

मग एका शनिवारी लाँच आलीच नाही. इंजिन बिघडलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी तीन वाजल्यापासून पिशवी घेऊन काठावर. पाच वाजता डोंगराची सावली पाण्यावर उतरली, आणि गारठा असा आला की जणू कुणी दार उघडलं. सहाला अंधार. तरी मी बसलेलीच. शेवटी वरच्या आळीतली एक म्हातारी काठी टेकत खाली आली. म्हणाली, "नर्सबाय, आता कुठली लाँच? चला घरी, कुडकुडून मराल."

तिच्या घरी हुलग्याचं माडगं होतं. तू सांगलीकडची, तुला माडगं मी सांगायला नको. पण तुमच्याकडं बऱ्याच घरी ते आजारी माणसाला देतात, तिथं ते रोजचं. हुलगे खरपूस भाजून दळलेलं पीठ, पाण्यात कालवायचं आणि लसूण-जिऱ्याच्या फोडणीवर ओतून ढवळत राहायचं. गुठळी होऊ द्यायची नाही, हेच काय ते कसब. तिनं मला ढवळायला बसवलं. सात महिन्यांत त्या गावात मी पहिल्यांदा नर्स म्हणून नाही, तर हाताखालची पोर म्हणून बसले होते. गुठळ्या झाल्या. तिनं तोंडावर सांगितलं. मग नाचणीच्या भाकरीबरोबर आम्ही दोघींनी ते गुठळ्यांसकट संपवलं.

रात्री तिनं भूकंपाचं सांगितलं. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. घड्याळाची वेळ मी नंतर वाचली, ती म्हणाली, "कोंबडा आरवायच्या आधी." खाली कोयनानगर मोडून पडलं, इकडं हिच्या घराची भिंत गेली, आणि मग तो सगळा हिवाळा माणसं घराबाहेर निजली. छपराखाली जायची भीती वाटायची. "मग थंडीचं काय केलं?" मी विचारलं. म्हणाली, "थंडीला घाबरायला येळ कुणाला हुता?" आणि हसली. येत्या आठवड्यात ती तारीख येतेय. गावात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बस. विचारावं लागत नाही, आपोआप निघतं. आणि तुझ्या फळीवरची भांडी मधूनच किणकिणली तर दचकू नकोस, तिथं बारीक धक्के बसतातच. पण मोठा वाटला तर आधी बाहेर पळ, चपला नंतर.

त्या रात्रीनं मला लगेच शहाणपण आलं असं समजू नकोस. पुढच्या शनिवारी मी पहिल्या लाँचनं पळालेच. पण दुसऱ्या हिवाळ्यात महिन्यातले दोन शनिवार राहू लागले, आणि राहिल्यावर कळलं की शनिवारची संध्याकाळ तिथंही होते.

आता तू म्हणशील, राहून करू काय. पहाटे उठ. तू उशिरा उठणारी आहेस, माझ्या माडीवर वर्षभर राहिलीस तेव्हा पाहिलंय, तरी उठ. सहाच्या सुमाराला ओट्यावर ये आणि नुसती ऐक. समोरच्या काठावरच्या गावात कुत्रं भुंकेल, कुणी लाकूड फोडेल, कुणी बाई पोराला शिव्या घालेल, आणि ते शब्दन्‌शब्द तुला ऐकू येईल. दुपारी हाका मारून घसा बसला तरी पोचत नाही, आणि पहाटे खोकलासुद्धा पोचतो. मला हे भुताटकीसारखं वाटायचं. मग शाळेतल्या गुरुजींनी समजावलं. रात्री गार हवा जड होऊन दरीत खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण राहतं. वर जाणारा आवाज त्या झाकणाशी वळून पुन्हा खाली येतो. सूर्य वर आला, हवा ढवळली, की संपलं. मी तर दोन महिने समोरच्या गावातलं सासू-सुनेचं एक भांडण रोज पहाटे ऐकलं. पुढं लसीकरणाला तिकडं गेले तेव्हा ती सून कोण, हे मी आवाजावरून ओळखलं. तिचं बरोबर होतं.

हे म्हातारीला सांगितलं तर ती इतकंच म्हणाली, "आधी आमी चालत जायचो तिकडं." मग हातानं पाण्याकडं दाखवलं, "वाट हितनं हुती. माझी चूल बी तितंच हाय, खाली." लग्न होऊन आली ते घर पाण्यात आहे. तापोळ्याला येणारे पर्यटक याला मिनी काश्मीर म्हणतात. म्हणू देत, त्यांची काही चूक नाही. पण तू तिथली नर्स आहेस. पाणी सुंदर आहे असं तिथल्या जुन्या माणसासमोर जरा जपून म्हण.

तेच धुक्याचं. थंडीत सकाळी पाण्यातून वाफ उठते ना, ती पाहून तुला वाटलं असेल पाणी गार पडलंय. उलट आहे. हात घालून बघ, हवेपेक्षा कोमट लागेल. पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. ऑक्टोबरचं ऊन ते डिसेंबरात अजून धरून बसलेलं असतं. त्या कोमट पाण्यावर रात्रीची गार हवा बसली की वाफेचं धुकं. आणि गारवा खळग्यात साचतो, हे तू वाडीवरून परतताना पायांनी ओळखशील. ओढ्यात उतरलीस की गुडघ्यापर्यंत थंडी, पलीकडं चढलीस की ऊब. महाबळेश्वरला दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात ते वेण्णा तलावाकाठचे आणि लिंगमळ्याचे असतात, बाजारपेठेतले नव्हेत. त्याचंही कारण हेच. मला तो उतार-चढाव इतका आवडायचा की मी मुद्दाम ओढ्याची लांबची वाट धरायची.

ओघात एक कामाचं. थंडी आहे म्हणून लसीच्या बाबतीत निष्काळजी राहू नकोस. फ्रीझरमधनं काढलेला आइसपॅक तसाच कॅरियरमध्ये घालायचा नाही. बाहेर ठेव, कानाशी धरून हलव, आत पाणी हललेलं ऐकू आलं की मगच घाल. टीडी, पेंटा, हिपॅटायटिस बी गोठल्या की गेल्या. थंडीत पॅक सुटायला जास्त वेळ लागतो आणि लाँच सुटायची घाई असते, तिथंच चूक होते. माझी झाली आहे.

अंथरुणाचं काय केलंस? ते फुलाफुलांचं ब्लँकेट घेऊन गेलीस, ते तिथं उपयोगाचं नाही. दवानं ओलसर होतं आणि मग अंगाला चिकटतं. घोंगडी घे. म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ असतो, मी माझी त्या सुमाराला तिकडूनच आणली होती. नवी घोंगडी टोचते, कारण तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. वापरून वापरून मऊ होते. माझी तीच घोंगडी अजून आहे, लाँचवाल्याकडं पत्राबरोबर देतेय. शेकोटीची ठिणगी पडून एका कोपऱ्याला भोक पडलंय. ते रफू करायचं नाही.

टाचांना भेगा पडल्या असतील तर मलमाच्या ट्यूबा संपवत बसू नकोस. गावात कुणाकडं तरी कोकमतेलाची वडी असेल, डोंगरापलीकडं कोकणच आहे. दिव्यावर जरा पातळ करून रात्री भर. पण मागून घे, हे महत्त्वाचं. तू सगळ्यांना गोळ्या देतेस, रक्तदाब बघतेस, आणि कुणाकडून चहासुद्धा घेत नाहीस, असं आशाताईच मला म्हणाली. तो मोठेपणा नाही गं. देणाऱ्याच्याच भूमिकेत राहणारं माणूस गावाला परकंच वाटतं. पोरं मुंबईत माथाडीत, सुना त्यांच्यामागं, घरात राहिल्या म्हाताऱ्या. त्यांना तुला काहीतरी द्यायचं असतं. वाटीभर पावटे दिले तर घे. मी तर माडगं शिकवा म्हणून फिरायची. चार घरी चार प्रकारचं निघालं, आणि प्रत्येकीनं बाकीच्या तिघींना नावं ठेवली.

संध्याकाळी सातनंतर मात्र एकटी वाटेला जाऊ नकोस. गवे उतरतात, अस्वलं आहेत. अस्वलानं फाडलेला एक गुराखी मी कंदिलाच्या उजेडात शिवला आहे. तुझ्या हौसेपायी कुणावर तशी पाळी नको. अंगणातूनच जे दिसतं ते पुष्कळ आहे.

आणि अंगणातून काय दिसतं, तर साताऱ्यात मला आता दिसत नाही ते. डिसेंबरात मध्यरात्रीच्या सुमाराला मृग नक्षत्र माथ्याजवळ येतं. त्यातले ओळीत तीन तारे, त्याला तिथं तिकांडं म्हणतात. म्हातारी त्यावरून वेळ सांगायची आणि तिचा अंदाज माझ्या घड्याळापेक्षा फार चुकत नसे. फक्त रोज ते चार मिनिटं आधी येतं, महिन्यात दोन तासांचा फरक पडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती म्हणायची, "पुसात तिकांडं घाई करतं." त्या तिघांची रेघ खाली वाढवलीस की लखलखणारा व्याध, वर वाढवलीस की तांबूस रोहिणी, पुढं कृत्तिकांचा झुबका. दक्षिणेला खाली, डोंगराच्या खांद्यावर एकटाच ठळक तारा दिसला तर तो अगस्त्य. तुझ्या ओट्यावरून तो दिसायला हवा; माझ्या वेळी मध्ये एक जांभूळ होतं आणि मी त्यासाठी चार पावलं डावीकडं सरकायची. जांभूळ आहे का अजून?

13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्का पडतात, दर वर्षी. दहानंतर बाहेर ये. ओट्यावर सतरंजी, वर घोंगडी, आणि उताणी पड. मान वर करून उभी राहिलीस तर दहा मिनिटांत कंटाळशील. मोबाइल आत ठेव. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि एकदा स्क्रीन पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. चांदणं नसेल तर तिथल्या अंधारात तासाला पन्नासएक दिसतील. आशाताईला बोलव, तिची पोरं बोलव. म्हातारी माणसं उल्का पाहून थुंकतात, त्यावर वाद घालू नकोस.

मीही त्या रात्री गच्चीत खुर्ची टाकून बसणार आहे. अजिंक्यताऱ्याकडची बाजू तेवढी जरा काळी असते. गेल्या वर्षी मला एका तासात सात दिसल्या, त्यातलं एक विमान असावं. तू मोज आणि आकडा कळव. तेरा तारीख शनिवारी आली तर बरंच होईल, कॅलेंडर पाहिलं नाही मी अजून.

तुझी,
काकू

ता. क. घोंगडीत हुलग्याच्या पिठाची पुडी गुंडाळली आहे. लाँचवाल्यानं विचारलं तर औषध आहे म्हण.