हात खिशातच का?

प्रश्न : ताई, नोकरीवरून आल्यावर गेली सहा वर्षं मी रोज रात्री चित्रं काढते. माझ्याबरोबर शिकायला लागलेल्या मैत्रिणीची चित्रं आता मुलांच्या पुस्तकांत छापून येतात. मला तीन प्रकाशकांनी नकार दिला. घरचे म्हणतात, हौस पुरे झाली. कष्टात मी कुठेच कमी पडले नाही. अजून किती धीर धरू? सोबत थोडी चित्रं पाठवते आहे.

उत्तर : तुझी चित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली. चेहरे फार सुरेख आहेत, विशेषतः चष्मा शोधणाऱ्या आजोबांचा. कष्टांबद्दल तर मला शंकाच नाही. दिवसभर राबून रात्री कागदापुढे बसायला काय लागतं, ते घरच्यांना कळत नसेल, तर त्यांना एकदा नीट सांग.

पण या चित्रांत एकाही माणसाचा हात पूर्ण दिसत नाही. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, त्या लहान मुलीचे तर फुग्यांआड. हात जमत नाहीत म्हणून ते तू झाकतेस आणि चेहरे जमतात म्हणून तेच काढत राहतेस. मुलांच्या गोष्टीतली माणसं तर सारखी काहीतरी धरतात, ओढतात, फेकतात, एकमेकांना कवटाळतात. प्रकाशकांच्या मनातलं मला ठाऊक नाही, पण ही उणीव कुणाही जाणकाराच्या चटकन नजरेत भरेल.

दहा हजार तास मेहनत केली की यश मिळतं, असं तूही ऐकलं असशील. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिथून हा आकडा पसरला. मुळात ती फक्त सरासरी होती, सर्वांत सरस गटाची, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची. त्या गटातल्या कित्येकांचे तेवढे तास भरलेही नव्हते. एरिक्सन यांचा भर होता सराव कसा करतो यावर. जे येत नाही तेच हातात घ्यायचं, चूक नेमकी कुठे झाली ते लगेच पाहायचं, पुन्हा करायचं. असा सराव दमवतो. म्हणून ते वादक मध्ये विश्रांती घेत, आणि त्यांतले उत्तम वादक झोपही भरपूर घेत. तुझं रोजचं जागरण मला त्यासाठीच खटकतं.

आता काही महिने फक्त हात काढ. ज्या हाताने काढत नाहीस, तो समोर ठेव. अंगठा बोटांच्या रांगेत बसवू नकोस, तो बाजूने, वेगळ्या दिशेने निघतो. बोटांची मुळंही सरळ रेषेत नसतात, त्यांची कमान असते. प्रत्येक चित्राखाली तारीख घाल आणि काय चुकलं ते एका ओळीत लिही. सुरुवातीची चित्रं बघवणार नाहीत. फाडू मात्र नकोस.

मग ती मैत्रिणीला दाखव. हो, तिलाच. तिच्याबद्दल मनात सल आहे, ते मला समजतं, पण तिच्याइतकं नेमकं तुला कोण सांगेल? गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर, म्हणजे शतकानुशतकं न सुटलेल्या एका गणिती कोड्यावर, कित्येक वर्षं जवळजवळ गुपचूप काम केलं. 1993 मध्ये सिद्धता जाहीर केली आणि तीत मोठी चूक निघाली. तेव्हा त्यांनी आपलेच जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना मदतीला घेतलं आणि 1994 मध्ये वाट सापडली. चिकाटी त्यांच्याकडे आधीही होतीच, एकट्याने झगडणं मात्र त्यांनी सोडलं.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. महिन्याच्या खर्चाचा भार चित्रांवर पडला, की तू पुन्हा जमतं तेच काढायला लागशील.

आणि किती धीर धरायचा? सहा महिन्यांनी पहिले आणि शेवटचे हात शेजारी ठेवून बघ. फरक दिसला तर नव्या चित्रांसह प्रकाशकांकडे पुन्हा जा. दिसला नाही तर शिक्षक शोध. आणि कागदापुढे बसावंसंच वाटेनासं झालं, तर खुशाल थांब. त्याबद्दल घरच्यांना किंवा मला कसलंही स्पष्टीकरण देणं लागत नाहीस.