घरटं शोधू नकोस, पक्षी बघ

अगं,

बागेतल्या पक्ष्यांच्या विणीच्या नोंदींचा तुझा तक्ता काल रात्री नीट वाचला. नावं बरोबर आहेत, वेळा लिहिल्यास, बागेचा नकाशाही मन लावून काढलायस. आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: 'घरटं नाही'. खाली तुझा प्रश्न, या बागेत वीण होतच नसावी, तर दुसरी बाग घेऊ का? की पुढच्या फेरीला झुडपांत शिरून बघू?

दोन्ही नको. वीण होतेय, आणि ती तुझ्याच तक्त्यात लिहिलेली आहे. दयाळाचा नर त्याच झाडाच्या त्याच शेंड्यावर प्रत्येक फेरीत गाताना तूच नोंदवलायस. बुलबुल चोचीत अळी धरून कुंपणावर बसला होता आणि तू उभी होतीस तोवर जागचा हलला नाही, हेही तूच लिहिलंस. पण कुठे? 'शेरा' म्हणून, कोपऱ्यात, बारीक अक्षरात! अगं, तीच तर नोंद आहे. बाकीचा तक्ता तिच्यासाठी आखलाय.

त्या बुलबुलाचंच घे. अळी स्वतःला खायची असती तर त्याने ती तिथल्या तिथे गिळली असती. धरून ठेवली, मान इकडेतिकडे वळवत राहिला, शेपटी झटकत राहिला, याचा अर्थ जवळपास कुठेतरी उघड्या चोची वाट बघतायत. तो गेला नाही, कारण तू होतीस. तुझ्यादेखत त्याला जागा उघड करायची नव्हती. म्हणजे तू जितका वेळ 'आता जाईल, मग जाईल' म्हणून उभी राहिलीस, तितका वेळ पिल्लं उपाशी. अशा वेळी लिहायचं, 'चोचीत अन्न, खाल्लं नाही', आणि निघायचं. वीण निश्चित. घरटं न बघता. (कावळ्याच्या बाबतीत मात्र हे चालत नाही. तो एरवीही अन्न उचलून नेतो, लपवून ठेवतो. खंड्याबाबतही जरा थांब, नर मादीला मासा भरवतो तो काळ पिल्लांच्या आधीचा असतो.)

घरटं शोधू नकोस, पक्षी बघ. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेव्हा तू मान डोलावलीस. आता परत सांगते, कारण मान डोलावणं सोपं असतं.

वीण होतेय याच्या पुराव्याच्या तीन पायऱ्या तुला ठाऊक आहेत: शक्य, संभाव्य, निश्चित. हंगामात योग्य जागी नर गाताना एकदा ऐकला, तर शक्य. तोच नर त्याच जागी आठवड्याने किंवा त्यानंतर पुन्हा गाताना मिळाला, तर त्याने हद्द धरलीय, म्हणून संभाव्य. तुझा दयाळ इथवर येऊन पोचलाय, आणि तू त्याला 'नाही' म्हणून मोकळी झालीस. आता त्याला निश्चित करायला काय लागेल? मादी चोचीत काड्या-मुळं घेऊन भिंतीच्या भोकात शिरताना दिसली पाहिजे. किंवा जोडीतलं कुणी चोचीत पांढरी गोळी धरून बाहेर पडताना. ती गोळी म्हणजे पिल्लाची विष्ठा, वर पातळ पडदा असलेली. आईबाप ती दूर नेऊन टाकतात, घरटं स्वच्छ राहावं आणि त्याचा माग लागू नये म्हणून. ही गोळी एकदा ओळखता आली की भोकात डोकवायची गरजच संपते. नाहीतर आखूड शेपटीचं, ठिपकेदार छातीचं पिल्लू मागे मागे ओरडत फिरताना दिसलं, तरी झालं.

नकाशावर आणखी एक सवय लाव. दोन नर एकाच वेळी गाताना ऐकू आले तर त्या दोन बिंदूंमध्ये तुटक रेघ मार. एकच नर दोन ठिकाणी गायला की खरंच दोन नर आहेत, हे हंगामाच्या शेवटी ती रेघच सांगते. ब्रिटनमध्ये १९६२ ते २००० या काळात सामान्य पक्ष्यांची गणना याच नकाशाच्या पद्धतीने झाली. त्याच जागेत हंगामभर पुन्हा पुन्हा फेऱ्या, आणि प्रत्येक पक्षी नकाशावर. घरटी शोधत फिरणं हा त्या पद्धतीचा पाया नव्हता.

आणि समजा घरटी सापडली, तरी ती मोजून काय कळतं? सुगरणीचं झाड बघ. घरटी सगळ्यांना दिसतात, लहान पोरंही मोजतात. पण नर घरटं अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडलं तर तो पुढे विणतो, आणि ती आत बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत झालेली तशीच लोंबत राहतात. घरटी मोजशील तर आकडा चुकेलच. सलीम अलींनी किहीमला सुगरणींची वसाहत बघत बसून हे सगळं १९३० च्या सुमारास उलगडलं. लोंबणारी घरटी तर त्याआधीही सगळ्यांना दिसत होती. तांबटाचंही तसंच. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल बीळ दिसलं म्हणून उड्या मारू नकोस. तो रात्री झोपायलाही बीळ वापरतो. पिल्लासाठी फळ घेऊन बिळाशी आला, तर लिही.

कोकिळेला तर स्वतःचं घरटं नसतंच. तुझ्या रकान्यात तिचं काय होणार? कायम 'नाही'? कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसला तर दोघांच्याही नावापुढे नोंद होते. सातभाईंच्या थव्यात भलतंच एखादं पिल्लू ओरडत भरवून घेत असेल तर ते चातकाचं आहे की पावशाचं, ते बघ; तेही सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतात. हे सगळं वाटेवर उभं राहून दिसतं.

तू म्हणतेस, यादी तर भरपूर झाली, मग वीण नोंदवायचा एवढा अट्टहास कशाला? इथे मला खरंच राग येतो. माझ्याकडे काही बागांच्या जुन्या वह्या आल्या आहेत. सुंदर अक्षर, आणि पानामागून पान नुसती नावं. त्या पक्ष्यांना पिल्लं होत होती का, एकाही ओळीतून कळत नाही. एखादी जोडी बागेत वर्षानुवर्षं राहू शकते, रोज यादीत येऊ शकते, आणि तिचं एकही पिल्लू उडालेलं नसू शकतं. यादी भरलेली दिसते, आणि बाग आतून रिकामी होत असते. ज्यांनी त्या वह्या लिहिल्या त्यांना आता काही विचारता येत नाही. ही हळहळ मला जन्मभर पुरेल, म्हणून तुझ्या मागे लागते.

झुडपांत शिरण्याबद्दल तर एक अक्षर ऐकून घेणार नाही. तू फांदी बाजूला सारतेस ते कावळा बघत असतो. भारद्वाज बघत असतो. दोघंही अंडी-पिल्लं खातात. तू वाकवलेली डहाळी पुन्हा तशी राहत नाही, सावली जाते, आडोसा जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं धरलेलं आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणंही नको. तो खोट्या शत्रूशी भांडत बसतो, आणि तेवढा वेळ घरच्या कामातून जातो.

याच नियमापायी आमच्या गटातला एक जण सोडून गेला. त्याच्यासारखा कान मी पुन्हा पाहिला नाही. अर्ध्या स्वरावरून नाव सांगायचा. त्याचं म्हणणं, फोटोशिवाय पुरावा कसला? घरट्याचा फोटो असलेली नोंद मी घेणार नाही म्हणाले, आणि तो उठून गेला. त्याची जागा भरली नाही. वाईट वाटतं, अजूनही वाटतं. लोक म्हणतात मी हेकट आहे, माणसं तोडते. म्हणू देत. तो आज परत आला तर मी दार उघडीन, पण तो फोटो घेणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. पावसाआधी फांद्या छाटायला माणसं येतात, नेमकी विणीच्या ऐन भरात, आणि आपण थांबवायला गेलो की विचारतात, 'घरटं दाखवा'. तेव्हा तुझा तक्ता पुढे कर. कोणतं झाड, कोणती तारीख, किती वाजता, पक्ष्याने काय केलं. 'इथे खूप पक्षी आहेत' यावर कुणी ऐकत नाही. 'याच ढोलीत लागोपाठच्या दोन फेऱ्यांत मादी अन्न घेऊन शिरली' यावर निदान थांबतात, पुढच्या महिन्यावर ढकलतात. बुलबुलाला तेवढं पुरतं. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला जवळपास तेवढेच. म्हणूनच फेरी आठ-दहा दिवसांनी ठेव. महिन्याने गेलीस तर सगळा संसार मधल्या मधे आटोपलेला असेल.

हंगामही एका महिन्यात कोंबू नकोस. घारी थंडीतच काटक्या गोळा करतात, तांबट उन्हाळ्याच्या तोंडाशी बीळ कोरतो, सुगरण आणि वटवट्या पावसात. वाट तीच, सुरुवात तिथूनच, उजाडल्यापासून पहिल्या दोन तासांत. चालणाऱ्यांची गर्दी झाली की निघ.

मागच्या तक्त्याचा शेवटचा रकाना खोडून नव्याने भर. नाव 'घरटं' नको, 'काय करत होता' असं दे. काहीच करताना दिसला नाही तर तेही लिही.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, त्या फोटोवाल्यांना दयाळाची भिंत कुठली ते सांगू का. नाही. फार आग्रह केला तर माझं नाव सांग, मी बघते.

तुझी,
ताई