जुनी आहे म्हणून सूट नाही

प्रश्न : आजोबांच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ते गेल्यापासून सहा वर्षं आमच्याकडेच आहे. मूळची चकमकीची लष्करी बंदूक, नंतर टोपीवर (ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या टोपणावर) उडणारी करून घेतलेली. घोड्याची (टोपीवर आपटणाऱ्या भागाची) कमान तुटली आहे. पुरातन वस्तूला परवाना लागत नाही, असं ऐकलं. विकू का?

उत्तर : अर्धवट ऐकलंत. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ४५(सी) कालबाह्य, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना वगळतं खरं, पण अट अशी की दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही ते बंदूक म्हणून चालता कामा नये. ही अट फक्त नादुरुस्त हत्यारांना लागू आहे असा युक्तिवाद होऊ शकतो. त्याच्या भरवशावर बंदूक घरात ठेवू नका. ठासणीची म्हणून ती कायद्याबाहेरही जात नाही. पीकरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद कलम १३ मध्येच आहे.

तुटलेली कमान नवी बसते, गंजलेली निपल (टोपी बसते ते टोक) बदलता येते. त्यांचा आधार घेऊ नका. खरा प्रश्न नळीचा. ती चिरलेली, भोक पाडलेली किंवा कायमची बुजवलेली आहे का, हे शस्त्रतज्ज्ञाच्या लेखी अहवालानं ठरेल. चापाच्या पट्टीवर (घोडा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर) रंजकदानाच्या, म्हणजे चकमकीसाठी दारू ठेवायच्या वाटीच्या, स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसली, तर चकमकीवरून टोपीवर बदल केल्याची ती खूण. संग्राहकाला त्यात रस असेल, परवान्याच्या प्रश्नात त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि सूट मिळावी म्हणून स्वतः नळीला भोक पाडू नका. किंमतही जाईल, संशयही येईल.

आता ती सहा वर्षं. ताबा बेकायदा झाला की विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे हत्यार जमा करा, असं कलम २१ सांगतं. विनापरवाना ताब्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. अशा खटल्याला कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. म्हणूनच कुणी तक्रार करण्याआधी स्वतः गेलात तर बाजू बरी राहते. हमी मात्र कोणी देणार नाही.

याच आठवड्यात ठाण्यात लेखी अर्ज द्या. जुना परवाना आणि मृत्यू दाखला जोडा, पोच घ्या. बंदूक खांद्यावर टाकून जाऊ नका, ती कशी आणायची हे त्यांनाच ठरवू द्या. नळीत जुना बार (न उडवलेली दारू-गोळी) असू शकतो, तेही अर्जात लिहा. नळीत गज घालून तो कानाच्या (नळीच्या मागच्या टोकाला ठिणगी आत जाण्याच्या भोकाच्या) बराच अलीकडे अडला, तर आत काहीतरी आहे. पण ही तपासणी जाणकारानं करायची, तुम्ही नाही.

वारस म्हणून स्वतःच्या नावे परवाना मागता येईल. इतर वारसांची संमती लागेल आणि एकूण दोनच बंदुकांची मर्यादा वारशालाही आहे. विक्रीचं नंतर पाहू. १०० वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येणार नाही.