अंगणात लाल कण्हेर आहे, घरी कुत्र्याचं पिल्लू आणतोय. चालेल का?

नाही, कण्हेर आधी काढा. पान, फूल, फांदी, चीक, सगळ्यात ओलिअँड्रिन नावाचं विष असतं आणि ते थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. वाळलेल्या पानांतलं विषही जात नाही, म्हणून छाटणीचा कचरा कोपऱ्यात साठवू नका. पिल्लं नेमकी तिथेच हुंगत, चघळत बसतात. पिवळ्या फुलांची बिट्टीही तितकीच वाईट, तिच्या बिया तर फारच.

पान खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लाळ, उलट्या, सुस्ती दिसायची वाट पाहू नका. तोंडातले तुकडे काढा, मिठाचं पाणी वगैरे अजिबात पाजू नका आणि झाडाची डहाळी पिशवीत घेऊन लगेच पशुवैद्यांकडे जा. कण्हेरीच्या जागी मोगरा लावा, तो कुत्र्यांना विषारी नाही.