गाण्याची लिंक सगळ्यांकडं उघडावी म्हणून

भावा, आधी सोलापुरातल्या तुझ्या ग्रुपमध्ये कोण काय वापरतं ते विचारून घे. कुणाकडं स्पॉटिफाय, कुणाकडं ॲपल म्युझिक, कुणाकडं जिओसावन, आणि बरेच जण थेट यूट्यूबवर. तुझ्या ॲपची लिंक टाकलीस की बाकीच्यांना गाण्याआधी ॲप घ्या, लॉगिन करा असलं काहीतरी दिसतं आणि तिथूनच लोक मागं फिरतात. चांगलं गाणं असं न ऐकता राहून जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवातीला एवढंच कर:

- लिंकखाली गाणं, गायक आणि अल्बम यांची नावं टाक. हे सगळ्यात महत्त्वाचं. लिंक नाही उघडली तरी शोधता येतं. आपल्याकडं मराठीइतकीच कन्नड, तेलुगू गाणी फिरतात. त्यांचं स्पेलिंग मनानं करू नको, ॲपमधूनच कॉपी कर.
- ओडेस्ली नावाची साइट आहे. तिथं लिंक पेस्ट केलीस की वेगवेगळ्या ॲपची बटणं असलेलं एक पान मिळतं. तेच पाठव.

पाठवण्याआधी दोन-तीन बटणं दाबून बघच. नवखे हमखास इथं चुकतात. एकच अभंग कितीतरी जणांनी गायलेला असतो, वर लाइव्ह आणि रिमिक्स वेगळे. कालावधी बघ: तुझ्याकडं 6:40 आणि तिकडं 3:15 दिसलं, तर ते रेकॉर्डिंग दुसरंच आहे.

अख्खी प्लेलिस्ट या ॲपमधून त्या ॲपमध्ये न्यायच्या नादाला आत्ता लागू नको. अडलं तर लिंक मला पाठव, बघून सांगतो.