वर्गशिक्षकाने मुख्याध्यापकपदाची तयारी कशी करावी?

आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत बारा वर्षे शिकवत आहात आणि पदोन्नतीपूर्वी काय शिकून घ्यावे, असे विचारले आहे. पदोन्नती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने होते, त्यामुळे आदेश कधी निघेल हे आपल्या हाती नाही. तयारी मात्र आजच सुरू करता येते.

पोषण आहाराची साठा नोंदवही, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत भरायची माहिती आणि शाळेचे खर्चाचे हिशेब विद्यमान मुख्याध्यापकांकडून मागून घेऊन काही महिने स्वतः लिहावेत. तांदळाची शिल्लक आणि प्रत्यक्ष पोती जुळत नसतील, तर चूक कोठे झाली हे शोधताना शाळेचा कारभार खरा कळतो.

कागदपत्रांपेक्षा अवघड आहे ते सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या रांगेत बसणे. तेथे शिक्षकाकडे नव्हे, मुलांच्या वह्यांकडे पाहावे, आणि जे दिसले ते वर्गासमोर न बोलता सुट्टीत त्याच्याजवळ बसून सांगावे. कालपर्यंत आपल्याला ‘अरे’ म्हणणाऱ्या मित्राशी असे बोलणे मला स्वतःला फार जड गेले होते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्या सभांना आतापासूनच बसावे आणि मजुरी बुडवून आलेल्या आईचे म्हणणे इतिवृत्तात तिच्याच शब्दांत उतरेल, याची काळजी घ्यावी.